चुंबक फिरतो, पत्रा तापतो: वर्कशॉपमध्ये एडी करंटची उष्णता कशी दाखवावी

जुना वीजमीटर आठवतो का? काळी पेटी, पुढे काच आणि काचेआड आडवी फिरणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती. त्या चकतीच्या कडेला एक चुंबक बसवलेला असे. तो चकतीला शिवत नसे, आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. तरी चकती बेफाम पळू नये म्हणून तिला ब्रेक लावायचं काम तोच करायचा. ब्रेक लागला म्हणजे ऊर्जा कुठेतरी गेली. ती चकतीतच उष्णता होऊन मुरत होती, फक्त हाताला कळणार नाही इतकी थोडी. तुमच्याकडे पिलर ड्रिल (खांबावर बसवलेलं उभं ड्रिल मशीन) असेल तर तीच गोष्ट चटका बसेल इतकी मोठी करून दाखवता येते.

धातूजवळचं चुंबकीय क्षेत्र बदललं की धातूच्या आत विजेचे भोवरे उठतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात, वर्कशॉपमध्ये सगळे एडी करंट म्हणतात. पॅरिसमध्ये लिऑन फुकोने १८५५ साली तांब्याची चकती विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली. चुंबक चालू केल्यावर चकती फिरवायला जास्त जोर लागतो आणि ती तापते, हे त्याला दिसलं. आपण उलट करणार आहोत: चुंबक फिरवायचे आणि पत्रा स्थिर ठेवायचा. त्यामुळे तापणाऱ्या वस्तूला थर्मामीटर लावणं सोपं जातं.

हल्ली बाजारात बारा व्होल्टवर चालणारी इंडक्शन हीटरची तयार किट मिळतात. कॉइलमध्ये स्क्रूड्रायव्हर धरला की लाल होतो, बघणारे खूश होतात. मला तो प्रयोग फारसा आवडत नाही. एक तर सगळी करामत सर्किटच्या पोटात लपलेली असते. दुसरं म्हणजे लोखंड तापतं तेव्हा भोवरी प्रवाहाबरोबर हिस्टेरेसिसचीही उष्णता असते. लोखंडातली चुंबकी दिशा पुन्हा पुन्हा उलटवताना जी ऊर्जा खर्च होते ती ही. दोन्ही एकात एक मिसळली की कुणाचा वाटा किती, ते दाखवता येत नाही. अ‍ॅल्युमिनियममध्ये ही भानगडच नाही. आणि नुसता पत्रा तापला म्हणून काही सिद्ध होत नाही, कारण घर्षणानेही तो तापू शकतो. म्हणून या प्रयोगात एक पत्रा तापवायचा आणि त्याचाच भाऊ तापू द्यायचा नाही. खरी मेहनत तिथेच आहे.

चुंबकांची चकती

लागणारं सामान असं: २० मिमी व्यासाचे आणि ५ मिमी जाडीचे आठ निओडिमियम चुंबक, १२० मिमी व्यासाची ५ मिमी जाड एमएसची (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडी पत्र्याची) चकती, तेवढीच ६ मिमी जाड हायलमची (रेझिनच्या थरांचा कडक, वीज न वाहणारा बोर्ड) चकती, एक एम-१० चा अर्धआटी लांब बोल्ट, त्याला एक साधा आणि एक पातळ नट, एम-४ चे आठ पितळी काउंटरसंक स्क्रू आणि अ‍ॅराल्डाइट.

एमएसची चकती कशाला, असं कुणीतरी विचारतंच. चुंबकांच्या पाठीमागचं क्षेत्र हवेत वाया जातं. पाठीला लोखंड दिलं की ते एका चुंबकातून शेजारच्यात सरळ वळतं आणि पुढच्या बाजूचा जोर वाढतो. शिवाय चुंबक आपणहून तिला घट्ट धरून बसतात, तो वेगळाच फायदा.

बोल्टचं डोकं कापून टाका. त्याचा गुळगुळीत भाग ड्रिलच्या चकमध्ये जाईल आणि आट्यांच्या टोकाला चकती बसेल. आटे चकमध्ये धरले तर चकती डगमगते. एमएसच्या चकतीला मधोमध १० मिमी भोक पाडा, खालून पातळ नट आणि वरून स्प्रिंग वॉशरसह साधा नट लावून आवळा. मग लेथवर बोल्ट धरून चकतीवर हलका फेसिंग कट (तोंड सपाट करणारा) घ्या. लेथ नसेल तर ड्रिलमध्येच हाताने फिरवून कड वरखाली होते का ते बघा. पाव मिमीपेक्षा जास्त डुलत असेल तर वॉशर बदला, बोल्ट बदला. पण तसंच पुढे जाऊ नका.

हायलमवर ४० मिमी त्रिज्येचं वर्तुळ आखा, त्याचे आठ सारखे भाग करा आणि होलसॉने २० मिमीची आरपार भोकं पाडा. चुंबक अंगठ्याने दाबून बसावा इतकी घट्ट हवीत. होलसॉ थोडा लहान घेऊन कानशीने वाढवलेलं बरं. मध्ये २५ मिमीचं भोक ठेवा, त्यात खालचा पातळ नट लपेल. हायलम एमएसवर स्क्रूंनी पक्कं करा: चार स्क्रू बाहेरच्या कडेजवळ, चार आत, आणि सगळे दोन चुंबकांच्या मधल्या रेषेवर.

आता चुंबक. शेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट हवेत, एकाचा उत्तर वर तर पुढच्याचा दक्षिण. आठही चुंबक एकावर एक रचून गठ्ठा करा. गठ्ठ्यात सगळ्यांची तोंडं आपोआप एकाच दिशेला येतात. प्रत्येकाच्या वरच्या तोंडाला मार्करने ठिपका द्या. मग एक ठिपका वर, एक ठिपका खाली, असे बसवत जा. हे काम घाईचं नाही. दोन चुंबक एकमेकांवर आपटले तर काचेसारखे टवके उडतात आणि मधे बोट सापडलं तर रक्त येतं. पेसमेकर असलेल्या माणसाने या टेबलाजवळ येऊच नये.

चुंबक ५ मिमीचा आणि हायलम ६ मिमीचं, म्हणून वर एक मिमीची खळगी उरते. ती अ‍ॅराल्डाइटने भरून रात्रभर सुकू द्या. तरीही चुंबक अ‍ॅराल्डाइटच्या भरवशावर नाहीत हे लक्षात असू द्या, कारण तापल्यावर ते मऊ पडतं. चुंबकांना बाहेर फेकलं जाण्यापासून अडवतो तो हायलमचा १० मिमीचा काठ. हिशोब सांगतो. एक चुंबक साधारण १२ ग्रॅमचा. मिनिटाला १४०० फेऱ्यांना तो जवळजवळ एक किलोच्या वजनाइतक्या जोराने बाहेर ओढला जातो. २८०० फेऱ्यांना तो जोर चार किलोंवर जातो, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. म्हणून प्लायवुड वापरू नका, काठाकडून थर सुटतात. आणि १४०० च्या वर जायची या प्रयोगाला गरजही नाही.

पत्रे

शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा ३ मिमी जाड पत्रा घ्या. भांड्यांसाठी किंवा बसबारसाठी वापरतात तसा. मशीनिंगचं मिश्रधातूचं अ‍ॅल्युमिनियमही चालेल, पण त्यातून वीज कमी वाहते, म्हणून तापमानही कमी चढेल. त्याचे १५० मिमीचे दोन चौकोन कापा. एक तसाच अखंड ठेवा.

दुसऱ्याचा कंगवा करायचा. एका बाजूने जिगसॉने १० मिमीच्या अंतरावर सरळ चिरा घ्या, मात्र समोरच्या बाजूला १२ मिमीची पट्टी अखंड सोडा. पात्याला अधूनमधून रॉकेल लावा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम दातांत गच्च बसतं. चिरा झाल्यावर प्रत्येकीत कागदाची पट्टी सरकवून बघा. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. दोनतीन चिरांमध्ये बुरा अडकून धातूचे पूल झाले होते आणि कंगवाही ऐटीत तापत होता. प्रयोग फसला असं समजून मी अर्धा दिवस चुंबकांवर संशय घेत बसलो.

दोन्ही पत्र्यांच्या एका कडेच्या मधोमध दीड मिमीचं भोक २५ मिमी खोल पाडा. थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक त्यात जाईल. कंगव्यात हे भोक चिरेत न जाता दाताच्या अंगात जाईल अशी कड निवडा.

ड्रिलवर मांडणी

इथे एक गोष्ट जवळपास सगळे विसरतात. पिलर ड्रिलचं टेबल बिडाचं असतं. पत्रा थेट त्यावर ठेवला तर चुंबक टेबलाकडे ओढले जातात, टेबलातही भोवरी प्रवाह उठतात आणि पत्र्याची उष्णता बीड पिऊन टाकतं. म्हणून मधे ५० मिमी जाड लाकडी ठोकळा हवा, २५० बाय २०० मिमीच्या आसपास. तो टेबलाला सी-क्लॅम्पने आवळा, क्लॅम्प शक्य तितके बाहेर. पत्रा ठोकळ्यावर चार कोपऱ्यांत पितळी स्क्रूंनी पक्का करा. नुसता ठेवला तर तो चुंबकांबरोबर फिरायला बघेल.

टेबलावरचा लोखंडी बुरा ब्रशने झाडून घ्या. एकदा तो चुंबकांना चिकटला की निघता निघत नाही.

प्लग काढा. चक आवळून किल्ली बाजूला ठेवा. चकती आणि पत्रा यांच्यामध्ये २ मिमीची हायलमची पट्टी ठेवून चक खाली आणा आणि डेप्थ स्टॉप (चकला त्याहून खाली जाऊ न देणारा अडसर) तिथे पक्का करा. पट्टी काढून चकती हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही घासता कामा नये. घासली तर दिसणारी उष्णता घर्षणाची, आणि सगळा खटाटोप वाया.

बेल्ट आधी सगळ्यात हळू पुलीवर टाका. चकतीच्या समोर पॉलिकार्बोनेटचा किंवा जाड प्लायचा आडोसा लावा, डोळ्यांवर गॉगल घाला. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या चकपाशी मोजा हात ओढून नेतो. हळू वेगावर दोन मिनिटं चालवून थरथर नाही याची खात्री झाल्यावर १४०० च्या जवळच्या पुलीवर या. बहुतेक ड्रिलांच्या बेल्टच्या झाकणाच्या आत वेगांचा तक्ता असतो.

चालवताना

थर्मोकपल खोचा आणि सुरुवातीचं तापमान लिहा. चकती वर असतानाच मशीन चालू करा आणि मग हँडलने हळूहळू खाली आणा. शेवटच्या एक-दोन सेंटिमीटरमध्ये मोटरचा आवाज जड होतो. प्रेक्षक असतील तर इथे थांबा आणि त्यांना आवाज ऐकवा. मोटरवर ओझं आलं, पण कुणी कुणाला शिवलेलं नाही. प्लगला लावायचा वॅटमीटर असेल तर त्यावरचा आकडाही चढताना दिसतो.

डेप्थ स्टॉपपाशी क्विल (चकला खाली-वर नेणारी दांडी) लॉक करा आणि एक मिनिट मोजा. चालू असताना थर्मोकपलचा आकडा नाचतो, कारण बदलत्या क्षेत्रात त्याच्या तारांमध्येही व्होल्टेज येतं. म्हणून मशीन बंद करून, चकती थांबली की लगेच वाचा. अ‍ॅल्युमिनियममध्ये उष्णता झटकन पसरते, त्यामुळे दहा-पंधरा सेकंदांत आकडा स्थिर होतो.

इन्फ्रारेड थर्मामीटर वापरणार असाल तर पत्र्याच्या कोपऱ्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि नेम तिथेच धरा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतं आणि आरशासारखं छताचंच तापमान दाखवतं. हात ठेवता येऊ नये इतका गरम पत्रा आणि थर्मामीटरवर ३२ अंश, असा घोळ मग होतो.

वॅटमध्ये हिशोब करायचा तर अगदी सोपा आहे. १५० बाय १५० बाय ३ मिमीचा पत्रा साधारण १८२ ग्रॅमचा. अ‍ॅल्युमिनियमचा एक ग्रॅम एक अंशाने तापवायला ०.९ ज्यूल लागतात, म्हणजे सगळा पत्रा एक अंश चढवायला सुमारे १६४ ज्यूल. समजा एका मिनिटात तो १२ अंशांनी चढला. १६४ गुणिले १२ म्हणजे १९६८ ज्यूल, भागिले ६० सेकंद, म्हणजे जवळपास ३३ वॅट. हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच येतो, कारण तेवढ्यात काही उष्णता हवेत आणि लाकडात जाते. म्हणून पहिल्या मिनिटाचाच आकडा धरा. वॅटमीटरवरची वाढ यापेक्षा जास्त दिसेल, मोटर आणि बेल्टही आपला वाटा घेतातच.

पत्रा ६५ अंशांच्या पुढे नेऊ नका. साध्या एन ग्रेडच्या निओडिमियम चुंबकांची मर्यादा ८० अंशांची असते. त्यापुढे गेले तर त्यांची ताकद कायमची उतरते. प्रेक्षकांसाठी पत्र्याच्या कोपऱ्यावर, चकतीच्या बाहेर, मेणबत्तीच्या मेणाचा तुकडा ठेवा. तो वितळला की थांबायची खूण झाली.

आता तुलना

पत्रा गार होऊ द्या, काढा आणि त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर कंगवा लावा. तोच वेग, तोच एक मिनिट. तापमान चढेल, पण किती कमी ते स्वतः पाहा. मोटरचा आवाजही फारसा जड होत नाही. धातू तोच, जाडी तीच, चुंबक तेच, वारा तोच. बदल एवढाच की भोवऱ्यांना गोल फिरायला मोकळी जागा उरली नाही. प्रत्येक भोवरा दहा मिमीच्या दातात कोंडला गेला.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा का नसतो, याचं उत्तर हेच आहे. तिथले पत्रे ०.२३ ते ०.३५ मिमी इतके पातळ असतात आणि प्रत्येकावर इन्सुलेशनचा थर असतो. जाडी निम्मी केली की भोवरी प्रवाहाची उष्णता एक चतुर्थांश होते. जुना जळका ट्रान्सफॉर्मर उघडून त्यातले पत्रे (स्टँपिंग) आपल्या कंगव्याशेजारी ठेवा. समजावून सांगायला तेवढं पुरतं.

घर्षणाची शंका काढायची तर तिसरी फेरी घ्या: अखंड पत्रा, तोच वेग, पण चकती ५० मिमी वर. वारा तेवढाच, पण पत्रा जवळजवळ गारच राहील.

वेगवेगळे धातू

तांबं, पितळ आणि ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, प्रत्येकाचा १५० मिमीचा ३ मिमी जाड चौकोन मिळाला तर जरूर आणा. आधी प्रेक्षकांना विचारा, कोणता जास्त तापेल? बहुतेक जण स्टेनलेस म्हणतात. रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, हीटरच्या तारेसारखी. प्रत्यक्षात स्टेनलेस जेमतेम कोमट होतं.

हीटरच्या तारेचं उदाहरण इथे चुकीचं का ठरतं? फिरणारा चुंबक प्रत्येक पत्र्यात साधारण सारखंच व्होल्टेज उठवतो. व्होल्टेज ठरलेलं असेल तर रोध कमी तितका प्रवाह जास्त, आणि उष्णताही जास्त. अ‍ॅल्युमिनियमशी तुलना केली तर तांब्यात सुमारे दीडपट उष्णता, पितळात जेमतेम चाळीस टक्के आणि स्टेनलेसमध्ये चार टक्क्यांच्या आसपास. तरी थर्मामीटरवर तांबं अ‍ॅल्युमिनियमच्या किंचितच पुढे दिसेल. कारण तेवढ्याच आकाराचं तांबं एक अंश तापवायला अ‍ॅल्युमिनियमपेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त उष्णता लागते. अंश मोजायचे की वॅट, हा फरक इथे फार छान दाखवता येतो.

एमएसचा पत्रा मात्र लावू नका. आठ चुंबक त्याला २ मिमीवरून जोरात ओढतील. स्क्रू उपटून पत्रा चकतीला जाऊन चिकटला, तेही फिरत्या चकतीला, तर काय होईल याची कल्पना करा.

वेग बदलून

७०० आणि १४०० अशा दोन पुल्यांवर अखंड पत्र्याची वाढ मोजा. पुस्तकी नियमाने वेग दुप्पट म्हणजे उष्णता चौपट. तुमचा आकडा चौपटीपेक्षा थोडा कमी येईल आणि त्यात तुमची चूक नाही. भोवरी प्रवाह स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि ते चुंबकांच्या क्षेत्राला विरोध करतं. पत्रा जितका जाड आणि वेग जितका जास्त, तितका हा विरोध ठळक. ६ मिमीच्या पत्र्यावर हीच मोजणी केलीत तर पट आणखी घसरलेली दिसेल. मी ३ मिमी सुचवला तो यासाठीच.

कोल्हापूरच्या फाउंड्रीतली इंडक्शन भट्टी पाहिलेल्यांना प्रश्न पडतो की तिथे तर काहीच फिरत नाही. तिथे चुंबकाऐवजी कॉइलमधला प्रवाहच सेकंदाला शेकडो वेळा दिशा बदलतो. बदलतं क्षेत्र महत्त्वाचं, ते फिरवून आलं की उलटसुलट करून आलं, धातूला फरक पडत नाही. त्या कॉइलच्या तांब्याच्या नळीतून सतत पाणी खेळवावं लागतं, तेवढी तीही तापते.

काही बिनसलं तर

पत्रा अजिबात तापत नसेल तर आधी ध्रुव तपासा. सुट्टा चुंबक हातात घट्ट धरून चकतीच्या चुंबकांवरून सावकाश न्या. ओढ, ढकल, ओढ, ढकल असं आळीपाळीने जाणवलं पाहिजे. सलग दोनदा ओढ जाणवली तर तिथला एक उलटा बसलाय. ध्रुव बरोबर असतील तर अंतर मोजा. २ मिमीचं ४ मिमी झालं असेल तर उष्णता चांगलीच घटते. मोटर गुरगुरते पण चकतीचा वेग पडतो, असं झालं तर बेल्ट घसरतोय. ताण द्या किंवा अंतर मिलिमीटरभर वाढवा.

काम झाल्यावर चकती तशीच ड्रॉवरमध्ये टाकू नका. चुंबकांच्या तोंडावर २० मिमी जाड लाकडी पाट ठेवा, सगळं कापडी पिशवीत बांधा आणि व्हर्नियर, डायल गेज, फोन, एटीएम कार्ड यांपासून लांब ठेवा. पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘चुंबक’ लिहा. नाहीतर सकाळी कुणीतरी ती लेथच्या बेडवर टेकवतो आणि मग दोघांना मिळून ती उपटावी लागते.